धाकटीची पाटी

धाकटीच्या भावाने तिला ई-रीडर पाठवला, आणि थोरलीने तो पाहताक्षणीच त्याचं नाव पाटी ठेवलं. राखाडी, चपटी, चौकोनी. वर अक्षरं उमटतात आणि बोट फिरवलं की पुसली जातात. म्हणजे पाटीच की. तिच्यावर एवढं पाघळण्यासारखं काय आहे, असं ती दिवसभर शिलाई मशीनला विचारत होती, आणि मशीन बिचारं खडखडण्यापलीकडे काही बोलत नव्हतं.

ह्या दोघी जावा. थोरली खालच्या मजल्यावर राहायची आणि पुढच्या खोलीत लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची. पँट आखूड करणं, कोटाचं अस्तर बदलणं, चेन बसवणं, आणि 'कमरेत जरा सैल करा, धुऊन आटलीय' म्हणणाऱ्याला 'कापड नाही आटलं, तुम्ही सुटलात' असं तोंडावर सांगणं. धाकटी वरच्या मजल्यावर राहायची आणि दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटच्या वेळा सांभाळायची. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, पण हवापाण्यापलीकडे एकमेकांशी बोलायला त्यांच्याकडे काही नसे. घरात बोलायच्या त्या ह्या दोघी, आणि त्यांचं बोलणं बहुतेक पुस्तकांवरून चालायचं.

वाचायचा नाद दोघींना सारखाच, पुस्तक मात्र एकच. जवळच्या शहरात जुनी पुस्तकं वजनावर विकणारं एक दुकान होतं. वर्षातून दोन-तीनदा दोघी सकाळच्या बसने तिथे जायच्या आणि जाडजूड कादंबऱ्या घेऊन संध्याकाळी परतायच्या. पण एकीचं वाचून होईपर्यंत दुसरीने तिच्या तोंडाकडे बघत बसायचं, हे काही जमेना. मग एकदा थोरलीने शिवण उसवायचं ब्लेड घेतलं, एक लठ्ठ कादंबरी टेबलाच्या कडेवर पालथी दाबली, आणि जिथे प्रकरण संपतं तिथे बरोबर कण्यात पातं घालून तिचे चार भाग केले. धाकटी डोळे गच्च मिटून उभी होती. 'माणसाचं पोट फाडून परत शिवतात,' थोरली म्हणाली, 'हा तर कागद आहे.'

तेव्हापासून ती रीतच पडली. झग्याच्या घेराला ज्या तिरक्या पट्ट्या जोडतात त्यांना शिवणकामात कळ्या म्हणतात. पुस्तकाच्या भागांनाही ह्या घरात कळ्याच म्हणू लागले. पहिली कळी थोरली वाचायची, ती संपली की वर पाठवायची आणि दुसरी हातात घ्यायची. शेवटची कळी धाकटीचीही वाचून झाली की थोरली दाभणाने आणि मेण लावलेल्या दोऱ्याने सगळं पुस्तक परत शिवून टाकायची. त्यांच्या कपाटातल्या एकूण एक पुस्तकाच्या पाठीवर टाके होते.

पहिली कळी थोरलीची का, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. ब्लेड तिचं, दोरा तिचा, वयाचा मानही तिचा. नियम एकच, पुढचं सांगायचं नाही. त्या बाबतीत थोरलीच्या तोंडाला कुलूप असायचं. धाकटी जिन्यात बसून काकुळतीला यायची, निदान तो परत येतो की नाही एवढं तरी सांगा म्हणायची, आणि थोरली दातांत टाचण्या धरून मशीन चालवत राहायची. आपल्याला माहीत आहे आणि हिला नाही, ह्यासारखं सुख तिला दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं, संसारात तर नाहीच. कधी दोघींचं बिनसलं, किंवा घरात कुणी धाकटीचं जरा जास्त कौतुक केलं, की वाचून झालेली कळीसुद्धा चार दिवस कापडाच्या ढिगाखाली पडून राहायची. 'अजून झाली नाही गं,' असं ती साळसूदपणे सांगायची. एवढीशी मालकी माणसाला जन्मभर पुरते.

आणि आता ही पाटी. कानामागून आली आणि तिखट झाली.

धाकटीला तर काय करू नि काय नको असं झालं होतं. ती पाटी घेऊन खाली आली, अक्षरं मोठी करून दाखवली, बारीक करून दाखवली, दिवा बंद करून अंधारात वाचून दाखवलं. ह्यात हजार पुस्तकं मावतात, असं तिने सांगितलं तेव्हा थोरलीने विचारलं, एका वेळी किती वाचणार आहेस? एकच, धाकटी म्हणाली. मग झालं तर, असं म्हणून थोरलीने सुईत दोरा ओवला. तुम्हीही वाचा ना, असंही धाकटी म्हणाली होती. त्यावर आपले डोळे अजून शाबूत आहेत, असं उत्तर तिला मिळालं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे थोरलीला स्वतःलाही कळत होतं, पण कळलं म्हणून काही द्राक्षं गोड होत नाहीत.

नव्याचे नऊ दिवस, असं म्हणून ती गप्प बसली. नऊ उलटून गेले, त्याच्या दुप्पट उलटले. त्या वेळी त्यांची एक कादंबरी अर्ध्यावर होती. दुसरी कळी कधीच वर गेली होती, तिसरी वाचून थोरली तयार होती, पण वरून मागणी म्हणून येईना. शेवटी वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्ताने ती वर गेली, तर दुसरी कळी खिडकीत कुंडीखाली घातलेली. झाडाला घातलेलं पाणी लाकडावर झिरपू नये म्हणून. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सवत असती तर निदान झिंज्या उपटता आल्या असत्या. पाटीचं काय उपटणार? ती कपड्यांची घडी न घालताच खाली आली, आणि त्या दिवशी ज्यांच्या पँटा तिच्याकडे होत्या त्यांच्या नशिबी वाकडी शिलाई आली.

तरी तिने माघार घेतली नाही. शहरात जाऊन येऊ या का पुस्तकांना, असं तिने एका सकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं. धाकटी एका शब्दात हो म्हणाली. थोरलीला इतका आनंद झाला की तिने स्वतःच्या चांगल्या कोटाची निघालेली गुंडी लावली, जी गेलं वर्षभर लावायची होती. आपली माणसं अशी एकदम हातची जात नाहीत, असं तिने मनाशी म्हटलं. मग बसची वाट पाहताना हळूहळू कळलं की धाकटीला तसंही शहरात जायचंच होतं. डॉक्टरांच्या कवळ्या तिथल्या कारखान्यात तयार होऊन पडल्या होत्या, त्या आणायच्या होत्या. आणि पाटीला एक कव्हर घ्यायचं होतं.

कव्हर! घरात शिंपीण असताना ही बाई कव्हर विकत घ्यायला परगावी निघाली होती. खरं तर थोरलीने मनात ठरवून ठेवलं होतं की हिने कव्हर शिवायला सांगितलं तर साफ नाही म्हणायचं. कसं नाही म्हणायचं तेही ठरलं होतं. आता नाही म्हणायचीसुद्धा सोय उरली नाही.

बसमध्ये धाकटीने खिडकी थोरलीला दिली आणि पाटी उघडली. थोरलीने पिशवीतून आपली तिसरी कळी काढली. ती वाचून झालेली होती, पण आपल्याकडेही काहीतरी आहे हे दिसावं म्हणून ती तिने मांडीवर धरली. थोड्या वेळाने धाकटी खुदकन हसली. मग पुन्हा हसली. तिसऱ्यांदा हसली तेव्हा थोरलीला राहवेना. काय झालं, तिने विचारलं. थांबा, एवढं पान होऊ दे, धाकटी म्हणाली. आणि किती राहिलंय? तर म्हणे अजून अठ्ठावन्न टक्के. कादंबरीचे टक्के काढतात हे थोरलीला नवीनच होतं. परीक्षेला बसल्यासारखं वाचायचं म्हणजे झालं, असं ती म्हणाली, पण धाकटीने ते ऐकलं नाही.

मग धाकटीलाच धीर धरवेना आणि तिने थोडंसं सांगितलं. एका बाईचं खोल्या भाड्याने द्यायचं घर असतं. वरच्या खोलीत एक म्हातारा भाडेकरू असतो, तो भलत्या वेळी तुतारीसारखं काहीतरी वाजवतो. दर महिन्याला तो खोली सोडतो म्हणून सांगतो, सामान बांधतो, जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत आणतो, आणि काही ना काही भांडण काढून परत वर नेतो. आणि ती बाई दर महिन्याला खोली भाड्याने देणे आहे अशी पाटी दाराला लावते आणि काढते. 'त्याला जायचंच नसतं हो,' धाकटी म्हणाली, 'आणि तिला ते कळत नाही. का कळतं, ते अजून कळायचंय.'

थोरलीने खिडकीबाहेर पाहिलं. तिला त्या म्हाताऱ्याचं सामान पायरीवर दिसायला लागलं होतं. तो जातो की राहतो, हे तिला तिथल्या तिथे, त्या क्षणी हवं होतं, आणि ते शेजारच्या बाईच्या हातात होतं. हातभर अंतरावर. शेजारच्या बाईच्या पानाकडे डोकावायचं नाही, एवढा मान राखून ती मान ताठ करून बसली आणि शहर येईपर्यंत तिची मान धरली.

शहरात आधी कव्हर झालं. थोरलीने ते हातात घेऊन शिलाई पाहिली, टाका लांब आहे म्हणाली, चार महिन्यांत उसवेल म्हणाली. दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं आणि धाकटीने कव्हर घेतलं. मग दोघी पुस्तकांच्या दुकानात गेल्या. तिथला वजनकाटावाला त्यांना ओळखायचा. जाडी चालेल ना, असं तो नेहमी विचारायचा आणि त्या हसायच्या. थोरलीने खालच्या फळीवरून एक दणदणीत कादंबरी उपसून काढली, धूळ झटकली, कणा चाचपून पाहिला. पाच कळ्या आरामात निघतील, तिने हिशेब केला, आणि धाकटीपुढे धरली.

'ही पाटीत मिळेल,' धाकटी म्हणाली. वाईट मनाने म्हणाली नाही. काम वाचेल तुमचं, असंही म्हणाली. थोरलीने तरीही ती कादंबरी काट्यावर ठेवली. तिला ती फारशी हवी होती असं नाही, पण आता फळीवर परत ठेवणं म्हणजे नाक कापून घेण्यासारखं होतं.

दुपारी एका चहाच्या दुकानात बसल्यावर धाकटी म्हणाली, कारखाना पलीकडच्या गल्लीतच आहे, मी कवळ्या घेऊन येते, तुम्ही पिशवीकडे बघा. तिने पिशवी खुर्चीवर ठेवली आणि ती गेली. पिशवीच्या तोंडातून नव्या कव्हराचा कोपरा बाहेर आला होता.

थोरलीने पहिल्यांदा तो कोपरा नुसता आत ढकलला. मग टाका खरंच लांब आहे का, हे पुन्हा एकदा बघायला ती पाटी बाहेर काढली. कव्हर उघडलं आणि अक्षरं आपोआप जागी झाली. दुसऱ्याच्या पुस्तकातल्या दोन ओळी वाचल्या तर काही पाप लागत नाही, असं तिने ठरवलं. म्हातारा सामान घेऊन पायरीवर बसला होता. तिने पुढच्या पानासाठी बोट फिरवलं. तिचं बोट मशीनवर कापड ओढणारं. ते जरा जोरात फिरलं असणार. खाली एक रेघ उमटली, तिच्यावरचा ठिपका सरकला, अक्षरं भराभर बदलली, आणि पाटी थेट शेवटाला जाऊन थांबली. शंभर टक्के, असं खाली लिहिलेलं होतं.

तिथे थांबायचं होतं. हे तिला तेव्हाही कळत होतं. पण शेवट असा आयता पुढ्यात आला होता, ताटात वाढल्यासारखा. आपण पुन्हा पुढे असू आणि ही मागे असेल, एवढाच विचार तिच्या मनात आला आणि तिने वाचलं. सकाळी बाई वरच्या खोलीत गेली. म्हातारा खुर्चीतच गेला होता, हात मांडीवर, डोळे उघडे. रात्रभर खिडकी उघडी राहिली होती. बाईने ती लावून घेतली आणि ती जिना उतरायला लागली. एवढंच. पुढे काही नव्हतं.

थोरलीने पाटी मिटून पिशवीत ठेवली. तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून. ज्याची तिला सकाळपर्यंत ओळखही नव्हती तो म्हातारा गेला होता. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठेतरी जुनं, ओळखीचं सुख हलायला लागलं होतं.

धाकटी कवळ्यांचा खोका घेऊन आली. परतीच्या बसमध्ये तिने तो खोका मांडीवर ठेवला, त्याच्यावर पाटी उघडली आणि म्हणाली, अरे, हे शेवटाला कसं गेलं? बसच्या धक्क्याने गेलं असेल, थोरली म्हणाली. बस तोवर जागची हललीही नव्हती. धाकटीने डोळे बारीक करून खुणेवर बोट ठेवलं, तिची जागा तिला परत सापडली आणि ती वाचायला लागली. थोरलीच्या पायाशी पाच कळ्यांची कादंबरी होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

शहर मागे पडलं आणि धाकटी हसली. आधी हळू, मग तोंडावर हात धरून. तिच्या हसण्याने खोक्यातल्या कवळ्या खुळखुळायला लागल्या. एकटीच हसत होती. इतकी सुखात होती की शेजारी कुणी बसलंय हेही तिला आठवत नव्हतं. थोरलीच्या पोटात जे दिवसेंदिवस दुखत होतं ते वर घशाशी आलं आणि तोंडावाटे बाहेर पडलं.

'हस, हस,' ती म्हणाली. 'मरतो तो शेवटी.'

धाकटीने मान वर केली. पुढच्या बाकावरच्या बाईनेही मागे वळून पाहिलं.

'कोण?'

'म्हातारा. खुर्चीत.'

धाकटीने पाटी मिटली. तिचा आवाज चढला नाही, तो दवाखान्यात पेशंटला वेळ सांगावी तसा होता, आणि त्यामुळेच थोरलीला तो जास्त लागला.

'इतक्या वर्षांत मी एकही पुस्तक आधी वाचलेलं नाही, वहिनी,' ती म्हणाली. 'कुठलंही पान उघडावं तर तुम्ही तिथून जाऊन आलेल्या असता. तुमच्या दोऱ्याचे तुकडे असतात, कोपरे दुमडलेले असतात. कोपरा दुमडलेला दिसला की समजतं, इथे काहीतरी होणार. मी कधी बोलले नाही. म्हटलं, ब्लेड त्यांचं आहे. तुमचा इतका हेवा वाटायचा मला की जिन्यात बसून रडायला यायचं. हे एक पुस्तक असं होतं जिथे तुम्ही आधी गेला नव्हतात.' तिने कव्हराची चेन ओढून घेतली. 'तिथेही जाऊन आलात.'

थोरलीच्या तोंडात उत्तरं पुष्कळ होती. पाटी उघडी होती, कळी कुंडीखाली होती, माहेरच्या वस्तूचं एवढं कौतुक बरं नव्हे. पण हेवा करायचा मक्ता आपलाच, असं तिला इतके दिवस वाटत होतं. जिन्यात बसून जी काकुळतीला यायची तिचंही पोट तसंच दुखत असेल, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. ती उरलेला सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत राहिली. म्हातारा मेला होता आणि मारला होता तिने, असं काहीतरी तिला वाटत होतं.

त्यानंतर वरचा मजला मुका झाला. धाकटी येता-जाता जिन्यातून खाली बघायची नाही. पाटीही तिच्या हातात दिसेना. थोरलीने म्हटलं तर जिंकलं होतं: पाटी हरली होती, हसणं थांबलं होतं. पण ह्या जिंकण्याला चव नव्हती. पँटवाल्यांनी कमरेच्या तक्रारी आणल्या आणि ती त्यांना काहीही न बोलता सैल करून देऊ लागली, तेव्हा तिची तब्येत बरी नाही असं लोक म्हणायला लागले.

एका दुपारी, वर कुणी नसताना, तिने शहरातून आणलेली ती दणदणीत कादंबरी उचलली. कण्याला पातं न लावलेली, आख्खी. ती तिने वर नेऊन धाकटीच्या दाराशी ठेवली आणि तिच्यावर आपलं उसवायचं ब्लेड ठेवलं. मग ती खाली आली आणि शिवण उसवायची वेळ आली तेव्हा कात्रीच्या टोकाने उसवत बसली. तिने बोट कापून घेतलं. संध्याकाळी दाराशी पुस्तक नव्हतं आणि ब्लेडही नव्हतं, पण वरून शब्दही आला नाही.

मग पुढे एकदा थोरली एका कोटाला अस्तर लावत असताना जिन्यावर पावलं वाजली. धाकटी खालच्या पायरीपर्यंत आली आणि तिथेच बसली. तिच्या हातात पाटी होती. रडून नाक लाल झालेलं, आणि तरी चेहऱ्यावर राग मावत नव्हता.

'मेला नाही तो,' ती म्हणाली.

'मी वाचलं ना,' थोरली म्हणाली. 'खुर्चीत. खिडकी उघडी.'

'ते दुसरंच पुस्तक आहे. त्याच लेखकाचं पुढचं. त्याची पहिली चार पानं हे लोक शेवटाला जोडतात, आपण विकत घ्यावं म्हणून. दुसरंच घर, दुसराच म्हातारा. खून झालाय त्याचा.'

थोरलीने सुई कोटात तशीच सोडली.

'मी वाचायचंच बंद केलं होतं,' धाकटी म्हणाली. 'मग वाटलं, मरायचाच आहे तर निदान एकटा नको मरायला, आपण सोबत बसू. म्हणून परत उघडलं. त्याला साधी शिंक आली की माझा जीव वर. सगळ्या हसायच्या जागा मी रडत वाचल्या, वहिनी. तीनदा रडले मी त्याच्यासाठी. फुकट.'

थोरलीला आधी नुसता आनंद झाला, घरातलं माणूस दवाखान्यातून परत यावं तसा. तिनेही त्याला मनातल्या मनात स्मशानात पोहोचवलं होतं. आपण चुकलो, हे तिला बोलायचं होतं, बऱ्याच दिवसांपासून तोंडाशी आलं होतं, आणि आता तर तशी वेळच होती. पण तोंड उघडलं तर भलतंच बाहेर आलं.

'मग जातो की राहतो?' तिने विचारलं.

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. एखादा पेशंट वेळ चुकवून आला आणि तरी आत घ्यावा लागला म्हणजे ती पाहायची तशी. मग तिने पाटीवर काहीतरी केलं, ती पहिल्या पानावर नेली आणि अस्तराच्या कापडावर ठेवली.

थोरलीने चुकीची कबुली दिली ती मग, पहिलं पान वाचता वाचता, मान वर न करता. धाकटीने ती ऐकली की नाही हे कळलं नाही.

त्यानंतरच्या दुपारी कोटाचा मालक दोनदा येऊन रिकाम्या हाताने परत गेला. थोरली वाचत होती. पुस्तक जाड आहे की बारीक हे हाताला कळत नाही म्हणून तिची चिडचिड व्हायची. कोपरा दुमडता येत नाही म्हणून व्हायची. पण म्हातारा जिन्यावरून सामान खाली आणायला लागला की ती हे सगळं विसरायची. दवाखान्यातून आली की धाकटी पायरीवर येऊन बसायची, हातात काही नाही, नुसती थोरलीकडे बघत. कुठे आलात, एवढं ती विचारायची. थोरली टक्के सांगायची. मग धाकटी ओठ आत ओढून घ्यायची आणि गप्प बसायची, आणि ते गप्प बसणं थोरलीला असं काही टोचायचं की दोन ओळी पुन्हा वाचाव्या लागायच्या.

शेवटच्या दुपारी म्हाताऱ्याने सामान बांधलं, आणि ह्या खेपेला खालच्या पायरीवर तो थांबला नाही. दाराबाहेर गाडी उभी होती. बाई वरच्या खिडकीत होती. पान संपलं.

थोरलीने मान वर केली. पायरीवर धाकटी दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसली होती, आणि तिचे डोळे, ओठ, हनुवटी, सगळं आता उतू जाणार अशा बेतात होतं.

'तोंड फिरव तिकडे,' थोरली म्हणाली. 'सगळं दिसतंय तुझ्या तोंडावर.'

धाकटीने मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती की रडत होती, हे पाठीवरून काही कळत नव्हतं. थोरली पाटीवर बोट ठेवून त्या पाठीकडे बघत राहिली. तिला सगळं माहीत होतं, त्या पाठीला. थोरलीला तिचा इतका हेवा वाटला की क्षणभर अक्षरं दिसेनात. मग तिने बोट फिरवलं.